वासाचं औषध

रविवारी सकाळी बायको पिशवी घेऊन दारातून आत आली, चप्पल काढायच्या आधीच थबकली आणि म्हणाली, "गॅस." एवढंच. ओरडली नाही, घाबरली नाही. पिशवी दारातच ठेवून ती चपलेसकट स्वयंपाकघरात गेली, शेगडीचं बटण फिरवून बंद केलं, अर्धी उघडी असलेली खिडकी पूर्ण उघडली, आणि मग मागे वळून बघते तर नवरा तिथेच स्टुलावर बसलेला. शेगडीपासून हातभर अंतरावर, शेगडीकडे पाठ करून, मांडीवर मोडकी छत्री घेऊन तिची काडी तारेने बांधण्यात गुंतलेला. दुधाखाली बारीक करून ठेवलेली ज्योत वाऱ्याने कधीतरी विझली होती आणि दूध कोमट होऊन गप्प पडलं होतं. "अहो," ती म्हणाली, "लक्ष कुठे होतं तुमचं?" तो म्हणाला, "विचारात होतो." "कसल्या?" "छत्रीच्या." यावर ती हसली आणि पिशवी आणायला गेली. दुसऱ्या कोणाच्या घरात हे झालं असतं तर तास-दोन तास त्यावर बोलणं झालं असतं आणि संध्याकाळपर्यंत सगळे विसरले असते. पण या घरात ते होणं म्हणजे पोहणाऱ्याने बादलीत बुडावं तसं होतं. कारण हा माणूस तापाने फणफणलेला असताना, गाढ झोपेत असताना, तीन घरं पलीकडे कोणाची शेगडी नीट लागली नाही तरी उठून बसायचा. तिला ते पाठ होतं, म्हणून तर तिने छत्रीचा विचार इतक्या सहज मान्य केला. आपण कसल्याही विचारात नव्हतो हे फक्त त्यालाच माहीत होतं. छत्रीची काडी बांधायला विचार लागत नाही. नाक तिथेच होतं, मोकळं होतं, श्वास चालू होता, आणि गॅस त्याच्या पाठीवरून, खांद्यावरून, कानावरून सरळ निघून गेला होता, ओळख न दाखवता.

तो उठला, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि बायको आंघोळीला जायची वाट बघत बसला. न्हाणीघराचं दार लागलं, पाण्याचा आवाज सुरू झाला, तसं त्याने शेगडीचं बटण काडी न ओढता उघडलं. सूं असा बारीक आवाज आला. तो ऐकू आला, चांगला ऐकू आला. त्याने तोंड खाली नेलं. गालाला गार लागलं. नाकपुड्यांच्या कडांना गार लागलं. त्याने डोळे मिटले, नोकरीतली सगळी वर्षं मिटत आला होता तसे, आणि हलकेच आत ओढलं, जोरात नाही, कारण जोरात ओढणारे अडाणी, हे तो नव्या माणसांना नेहमी सांगायचा. काही नाही. पुन्हा ओढलं. काही नाही म्हणजे अगदी काहीच नाही, पाण्याचा पेला हुंगल्यासारखं. त्याने बटण बंद केलं आणि टॉवेलने हवा बाहेर ढकलायला सुरुवात केली, आणि ढकलता ढकलता त्याच्या लक्षात आलं की हवा गेली की राहिली हेही आता आपल्याला कळायचं नाही. मग तो किती वेळ टॉवेल हलवत राहिला कोण जाणे. बायको बाहेर आली तेव्हाही हलवत होता. "अजून येतोय?" तिने विचारलं. तो म्हणाला, "नाही, गेला." आयुष्यात पहिल्यांदाच तो या बाबतीत अंदाजाने बोलला होता. निदान त्या घडीला तरी त्याला ते पहिल्यांदाच वाटलं.

स्टेशनवर त्याला नाकोबा म्हणत. स्टेशन म्हणजे शहराच्या कडेला, जिथे लांबून येणारी गॅसची मोठी लाईन जमिनीतून वर डोकं काढते आणि लहान लहान लाईनींत वाटली जाते, तिथलं कुंपण, दोन खोल्या आणि एक हिरवी टाकी. टाकीत वासाचं औषध. कागदावर त्याचं नाव मोठं लांबलचक होतं, पण ते कोणी घेत नसे. लोकांना वाटतं गॅसला वास असतो. गॅसला कसला आलाय वास? तो जमिनीतून निघतो तो मुका. त्याला कुजक्या कोबीचा, सडक्या अंड्याचा, नाक मुरडायला लावणारा तो वास चिकटतो तो इथे, शहरात शिरताना, थेंबाथेंबाने. पंप टाकतो आणि पंप किती टाकणार हे नाक ठरवतं. रोज सकाळी एका खोक्यासारख्या यंत्रापुढे बसायचं. वर काचेचं नरसाळं, आत हवा आणि गॅस यांची मिसळ. बटण हळूहळू फिरवायचं, नरसाळ्यात नाक, डोळे बंद, आणि पहिल्यांदा वास जाणवला की हात वर. मग काट्यावरचा आकडा वाचायचा. लवकर आला तर औषध पुरेसं, उशिरा आला तर वाढवायचं. नियम असा की एकामागून एक दोन माणसांनी हुंगायचं आणि दुसऱ्याने पहिल्याचा आकडा बघायचा नाही. नियम भिंतीवर चौकटीत लावलेला होता. पण ज्या स्टेशनवर नाकोबा असतो तिथे दुसरं नाक असून नसून सारखंच. तो हुंगणार, आकडा मोठ्याने सांगणार, आणि मग जोडीदार नरसाळ्यात नाक घालून, जरा वेळ डोळे मिटून, मान हलवणार, "तेवढाच." या तेवढाच-तेवढाचवरून जोडीदाराचं नाव मम पडलं. त्याने मम म्हणायचं, बस्स. मम त्याच्याहून पुष्कळ लहान, जाड मिशीचा, भला माणूस. नाकोबाला नाही आला म्हणजे नाहीच, असं तो बाहेरच्या लोकांना अभिमानाने सांगायचा, जणू ते नाक दोघांचं सामाईक होतं.

दुपारपर्यंत त्याने घरातलं सगळं हुंगून घेतलं. लपूनछपून. साबणाची वडी, बुटाचं पॉलिश, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, सोललेला कांदा. कांद्याने डोळ्यांत पाणी आणलं, इमानदारीने आणलं, पण वास दिला नाही. कपड्यांच्या कपाटाशी तो जरा जास्त वेळ उभा राहिला. त्याच्या कामाच्या शर्टाला त्या औषधाचा वास लागतो म्हणून शर्ट बाहेरच गॅलरीत काढून ठेवायचा हा लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यातला करार होता आणि तो त्याने कधी मोडला नव्हता. पण या दोन-तीन महिन्यांत बायको अधूनमधून म्हणाली होती, "हल्ली फार येतो हो शर्टाला. आंघोळ करूनसुद्धा येतो." तो म्हणायचा, "वय झालं की नाक तिखट होतं बायकांचं." आता कपाटाच्या दाराला धरून उभं असताना ते वाक्य त्याला जसंच्या तसं आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने तेव्हा नुसतं "असेल" म्हटलं होतं. पूर्वी याच कपाटातून त्याला तिच्या साड्यांचा वास यायचा, इस्त्रीचा, सुताचा, आणि त्याखाली तिचा स्वतःचा. कोणत्या साडीला कुठल्या दिवसाचा वास आहे हेसुद्धा तो सांगायचा आणि ती म्हणायची, गप्प बसा, कुत्रा आहात का. त्याने एका साडीत तोंड घातलं. आणि वास आला. एकदम आला, उबदार, ओळखीचा. त्याला हायसं वाटलं. मग त्याने शेजारची साडी घेतली, परवाच दुकानातून आणलेली, अजून घडी न मोडलेली, आणि तिलाही तोच वास आला. तोच उबदार, ओळखीचा. तेव्हा तो पलंगावर बसला. हा वास साडीचा नव्हता. हा त्याच्याच डोक्यातला साठवणीतला वास होता, मागितला की हजर होणारा. म्हणजे मग इतके दिवस, सकाळी सकाळी त्या नरसाळ्यात, काटा एवढा पुढे गेला की आता यायलाच हवा असं वाटून जो यायचा, तो कोणता?

नोकरीला लागला तेव्हा कंपनीने नव्या पोरांना गॅस निघतो ती जागा दाखवायला नेलं होतं. बसमध्ये सगळे गात होते. तिथे बघायला म्हणावं तर काहीच नव्हतं. सपाट उजाड जमीन, कुंपण, मधोमध माणसाएवढ्या उंचीचा नळांचा आणि चाकांचा गुंता, आणि लांबवर एका उंच नळाच्या टोकाला दिवसाढवळ्या जळणारी ज्योत. त्या गॅसच्या विहिरीवरच्या इंजिनियराने पायाखाली बोट दाखवून सांगितलं, इतकं खोल, इतकं जुनं, मेलेल्या बारीक जिवांचा गाळ, त्यावर गाळ, त्यावर दगड, आणि त्या दाबाखाली कोंडलेला हा श्वास. मग त्याने एक छोटी तोटी किंचित सोडली. "घ्या वास." सगळे पुढे झाले. कोणी म्हणालं रॉकेलसारखा, कोणी म्हणालं अंड्यासारखा, एक जण तर मळमळतंय म्हणून मागे सरला. हा एकटाच म्हणाला, "कशाचाच नाही." इंजिनियर हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हे एक नाक खरं बोललं. तो मुका आहे. त्याला वाचा तुम्ही लोकांनी द्यायची." त्या थापेवर त्याची पुढची सगळी नोकरी उभी राहिली. जे नाही ते नाही म्हणणारं नाक. बाकीच्यांची नाकं मनाने हुंगत होती, त्याचं नाकाने हुंगत होतं. पलंगावर बसून त्याला त्या बसमधली पोरं आठवली, मळमळलं म्हणून मागे सरलेला तर चेहऱ्यासकट आठवला. किती हसले होते सगळे त्याला. हा सगळ्यांत जास्त.

आणि मग एकेक गोष्ट आपण होऊन पुढे येऊन उभी राहायला लागली. हिवाळ्यात त्याला मोठी सर्दी झाली होती, महिनाभर रेंगाळली होती. त्यानंतर गॅस जरा पातळ लागायला लागला. त्याने औषध थोडं वाढवलं. पुन्हा पातळ लागला. पुन्हा वाढवलं. त्याचं म्हणणं असं की विहीर म्हातारी झाली आहे. ते खरंही होतं, सगळेच बोलत होते की ती जागा आटत चालली आहे, तळाचं काहीबाही येतंय, मध्येच जहाजाने आणलेला परका गॅस त्यात मिसळतात, मग वास कसा धरणार? साहेबांनाही ते पटलं. टाकी भरायची गाडी लवकर लवकर यायला लागली तेव्हा साहेब म्हणाले, "नाकोबा म्हणतोय तर असेल." शहरातून गॅस येतोय म्हणून फोन वाढले. गळती शोधणारी माणसं गाडी घेऊन धावायची आणि हात हलवत परत यायची, कुठेच काही नाही. स्टेशनवर येऊन ती चेष्टा करायची, "नाकोबा, हात जरा आखडता घ्या की." तो सांगायचा, "शहराला वास आला तर शहर जगेल. आणखी दहा वेळा धावा." सगळ्यांना ते आवडायचं. आणि गेल्याच आठवड्यात एका गल्लीतल्या म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात खरोखरच नळाचा सांधा सुटला होता. मीटर वाचायला गेलेल्या माणसाच्या ध्यानात आलं म्हणून निभावलं. बाई दोन दिवस त्यात बसून होती. फोन का नाही केलात असं विचारल्यावर म्हणाली, "हल्ली रोजच येतो की वास. मागे तीनदा केला फोन, तीनदा काही नाही म्हणाले, मग चौथ्यांदा लाज वाटली." लांडगा आला रे आला. मम ही हकिकत सांगत होता तेव्हा नाकोबा म्हणाला होता, "काय माणसं असतात, वास येतोय तर येतोय, लाजायचं कशाला?" आता ती बाई, जिला त्याने कधी पाहिलंही नव्हतं, त्याच्या डोळ्यांपुढे खुर्चीवर बसली, शेगडीपासून हातभर अंतरावर, आणि तिची काहीच चूक नव्हती. तिचं नाक ठणठणीत होतं. विहीरही तशी ठीक होती. म्हातारा झाला होता तो, आणि आपलं म्हातारपण त्याने मैल मैल खोल जमिनीच्या नावावर टाकलं होतं.

संध्याकाळी मुलगी आली, बाळाला घेऊन. तिचं काम घरांच्या छपरांवर सोलर बसवायचं. ती शिडी लावून चढते, पत्रे ठोकते, तारा ओढते, आणि बापाच्या धंद्याच्या मुळावर उठते, असं तो चारचौघांत सांगायचा आणि ती त्याला दुजोरा द्यायची. बाळंतपणाची रजा संपत आली होती. पुढच्या सोमवारपासून ती कामावर जाणार, बाळ दुपारी इथे राहणार. बायकोचं शिवणाचं दुकान संध्याकाळपर्यंत, तेव्हा दुपारी बाळ आणि आजोबा दोघंच. सकाळची पाळी संपवून तो घरी येणार, बाळाला दूध गरम करून देणार, झोपवणार. हे ठरलं त्या दिवसापासून तो दिवस मोजत होता, बायको त्याला हसत होती. "आई, ही शेगडी काढा आता," मुलगी आल्या आल्या म्हणाली, दर वेळी म्हणते तशीच, "विजेची आणून देते. छपरावर पत्रे टाकले की बिलसुद्धा नाही. नव्या वस्तीत गॅसची लाईन टाकतच नाहीयेत, माहितीये ना बाबा?" त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "विजेला वास असतो का? नसतो. धोक्याला वास असावा, म्हणजे माणूस सावध होतो." आणि तिचंही ठरलेलं असायचं. "आणि धोकाच नसला तर?" मग तो म्हणायचा की असं कधी झालंय का जगात. आज तो काहीच बोलला नाही. मुलीने जरा थांबून त्याच्याकडे बघितलं. "बाबा, बरं नाही का?" "त्यांचं छत्रीवर चित्त आहे," बायको म्हणाली, आणि सकाळची गोष्ट सांगून टाकली, हसत हसत, गमतीची गोष्ट म्हणून. मुलगी हसली नाही. "तुला वास नाही आला?" "विचारात होतो गं." हे दुसऱ्यांदा बोलताना सोपं गेलं, आणि त्यामुळेच त्याला भीती वाटली. बोललं तर टाकी जाणार, नरसाळं जाणार, नाकोबा हे नाव जाणार. तेही जाऊ दे म्हणता आलं असतं. पण बोललं तर दुपारही जाणार. ज्याला गॅस कळत नाही त्याच्या भरवशावर कोणती आई लेकरू ठेवील? त्याने स्वतः तरी ठेवलं असतं का?

मुलीने बाळ त्याच्या मांडीवर दिलं. बाळ त्याच्या शर्टाच्या बटणाशी झटापट करू लागलं. त्याने सवयीने वाकून टाळूवर नाक टेकलं. नात जन्मली त्या दिवशीही टेकलं होतं, आणि डोळे पुसत म्हणाला होता, "थेट तुझ्यासारखा वास आहे गं, तू एवढी होतीस तसा." मुलगी तेव्हा केवढी खूश झाली होती, सासरी सगळ्यांना सांगितलं तिने, बाबांनी हुंगून सांगितलंय. आताही तो वास आला. दुधाचा, उन्हात वाळलेल्या दुपट्याचा, आणि आणखी कसला तरी, ज्याला नाव नाही. आला आणि त्याने नाक टाळूवरून उचललं. कारण बाळाचा जन्म सर्दीच्या नंतरचा होता. हा वास मुलीचा होता, तीस वर्षांपूर्वीचा. या पोरीला त्याने एकदाही हुंगलं नव्हतं. रोज मांडीवर घेऊन तो तिच्या आईला हुंगत होता आणि हिला काय वास आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, कधी कळणारही नव्हतं. "काय बाबा, अजून माझ्यासारखाच?" मुलीने विचारलं. तो म्हणाला, "हो." आणि बाळाला तिच्याकडे परत दिलं, जरा घाईनेच, तेव्हा बायकोने मान वर करून बघितलं.

सोमवारी तो नेहमीच्या वेळेला स्टेशनवर गेला. रस्ताभर त्याने मनाशी पक्कं केलं होतं की आधी डॉक्टरला दाखवू, कदाचित परत येईल, लोकांचं येतं म्हणतात, तोवर औषध आपणच गुपचूप पूर्वीच्या मापावर आणू, कोणाला कळायचं कारण नाही. हे सगळं शहाणपणाचं होतं. मम यंत्र पुसून, नरसाळं धुऊन तयार होता. "या नाकोबा, तुमचीच वाट." तो खुर्चीवर बसला. नरसाळ्यापर्यंत वाकला. डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे ती बाई पुन्हा येऊन बसली, लाजून, फोन न करता. तो उठला. "तू आधी बस," म्हणाला. मम गोंधळला. "अहो, असं कसं?" "बस म्हणतो ना." मम बसला, परीक्षेला बसल्यासारखा ताठ. नाकोबाने बटणाला हात घातला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. बटण अजून नीट फिरलंही नव्हतं तोच ममचा हात वर गेला, आणि गेला तसा घाईघाईने खाली आला. "काय झालं?" "काही नाही. डोकं खाजवत होतो." "मम." "अं?" "आला होता का?" मम नरसाळ्याकडे बघत राहिला. मिशी हलत होती. "रोज तुला इथेच येतो?" "मला आपलं वाटायचं," मम म्हणाला, "माझं नाकच आगाऊ आहे. तुम्हाला येत नाही म्हणजे नसणारच. मी मग थांबायचो. तुमच्या आकड्यापर्यंत नाक धरून बसायचो, जीव गुदमरायचा."

"मला येत नाही," नाकोबा म्हणाला.

"आज का? सर्दी झालीय?"

"केव्हापासूनच येत नाही. मी अंदाजाने हात वर करतोय. ती म्हातारी माझ्यामुळे बसून राहिली, मम. सगळं शहर मी नासवलं."

बोलल्यावर काहीतरी होईल असं त्याला वाटलं होतं. पंप आपला टक्-टक् करत राहिला. ममने खुर्ची जरा मागे घेतली, उठला, पुन्हा बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याने बाहीला पुसलं. "म्हणजे आता मी पहिला?" त्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात इतकी खरी भीती होती की नाकोबाला एवढ्यातही हसू आलं. "तू पहिला. आणि तुझ्यानंतर जो बसेल ना, त्याला मम म्हणू देऊ नकोस. भांडला तरी चालेल." मग दोघांनी मिळून पंप पूर्वीच्या मापावर आणला, आणि त्याने स्वतः साहेबांना फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टरांकडे जाऊन या. मग बघू तुम्हाला कोठारात देता येईल का." कोठार म्हणजे नळाचे तुकडे, नट, वायसर आणि धूळ. रिटायर होईपर्यंत तिथे बसायचं. जाता जाता त्याने गळतीवाल्यांना सांगितलं की त्या बाईकडे कोणीतरी जा, आणि तिला नीट समजावून सांगा की यापुढे वास आला तर शंभरदा फोन कर, आम्ही शंभरदा येऊ. "तुम्हीच का नाही जात?" एकाने विचारलं, कारण त्याला अजून कळलं नव्हतं. तो म्हणाला, "तिने विचारलं की आता येतोय का, तर काय सांगू?"

डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं आणि नस गेली म्हणाले. परत येईलही, नाहीही. त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शिवणाचा कपडा हातात घेऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणून नव्या साडीत तोंड घालून उभे होतात? मला वाटलं आवडली." मग रडली. मुलीला फोनवर सांगायचं त्याला धाडस झालं नाही. ती संध्याकाळी आली तेव्हा बाळाला कडेवरून उतरवायच्या आतच त्याने सांगून टाकलं, रविवारच्या दुधासकट, म्हातारीसकट, आणि शेवटी म्हणाला, "तिला पाळणाघरात ठेव. मी ऐकून घेणार नाही."  मुलीने शेगडीकडे बघितलं, मग भिंतीतून येणाऱ्या पिवळ्या नळाकडे, मग बापाकडे. "माझ्यासारखाच वास म्हणाला होतास," ती म्हणाली. "तो तुझाच होता. खोटं नाही बोललो." ती त्याच्या शेजारी येऊन बसली, बाळासकट, आणि त्याच्या खांद्याला डोकं लावून बराच वेळ तशीच राहिली. लग्नानंतर ती अशी बसली नव्हती.

शनिवारी ती हत्यारांची पिशवी आणि विजेची शेगडी घेऊन आली. धोक्याला वास असावा की नाही यावर कोणी चकार शब्द काढला नाही. गॅसचा नळ बंद करायला कंपनीचा माणूस लागतो, तर इस्त्रीचा शर्ट घालून मम स्वतः आला. नळाच्या तोंडावर त्याने टोपण आवळलं, साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघितला, नाक लावून बघितलं, आणि सवयीने वळून नाकोबाकडे बघितलं. नाकोबा म्हणाला, "मला काय बघतोस, तू सांग." ममने पुन्हा हुंगलं आणि छाती काढून म्हणाला, "नाही." अख्ख्या इमारतीत गॅस सोडणारं पहिलं घर नाकोबाचं, ही बातमी जिन्यावरून खाली जायला वेळ लागला नाही, आणि जो तो येऊन सांत्वन करायचं की चेष्टा करायची या घोटाळ्यात पडला. काळ्या काचेची ती चपटी शेगडी त्याला अजिबात आवडली नाही. "तापली तर कळणार कसं?" त्याने विचारलं. "लाल दिवा लागतो. बघायचं," मुलगी म्हणाली. "आणि सोमवारी बाराला आणून सोडते हिला. दूध फ्रिजमध्ये असेल."

सोमवारी बाराला तिने बाळ आणून सोडलं. दुपट्याची पिशवी दिली, दूध दिलं, बाळाच्या गालाचा पापा घेतला, बापाचाही घेतला, आणि शिडी बांधलेल्या गाडीत बसून निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. त्याने दार लावलं. घर शांत होतं. दूध गरम केलं, लाल दिवा विझेपर्यंत त्याच्यापुढे उभा राहिला. बाळाने दूध संपवलं, ढेकर दिली, मग मांडीवर आडवं पडून त्याच्याकडे टक लावून बघू लागलं. त्याचं नाक टाळूकडे वाकलं. तीस वर्षांपूर्वीचा तो वास लगेच पुढे आला, बोलावल्याशिवाय, आणि त्याने त्याला या खेपेस येऊ दिलं नाही. डोकं वर केलं. तू नाहीस ती, म्हणाला, तू कोण आहेस बघू. आणि बघायला लागला. डाव्या भुवईतले केस उलट दिशेला होते. खालचा ओठ वरच्यापेक्षा मोठा, अगदी थोडा. कानामागे एक तीळ, जो घरातल्या कोणालाच नव्हता. इतक्या दिवसांत त्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं, कारण तो सारखे डोळे मिटत होता. तेवढ्यात बाळाचं कपाळ आक्रसलं. नाक फुगलं, चेहरा गोळा झाला, लालबुंद झाला, आणि नजर कुठेतरी लांब लागली. त्याला क्षणभर काही उमगेना, दूध घशात अडकलं की काय म्हणून त्याच्या काळजात धस्स झालं, आणि मग तो चेहरा एकदम मोकळा झाला, इतका समाधानी झाला की त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "असं होय," तो म्हणाला. "झालं वाटतं आमचं." त्याने दुपटं सोडून बघितलं. झालं होतं. कोणी न सांगता, नाकाशिवाय, त्याने ओळखलं होतं. त्याने धुतलं, पुसलं, नवीन दुपटं बांधलं, ते सैल बांधलं गेलं म्हणून पुन्हा सोडून बांधलं, आणि बाळाला उचलून खिडकीपाशी उजेडात नेलं, म्हणजे चेहरा नीट दिसेल.